नवीन पीसी, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही: दिग्रसच्या एका दुकानाचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो राजेहो, दुकान दिसायला काहीच नाही. दिग्रसला बाजार लाइनीतून आत एका गल्लीत एक शटर, वर झेरॉक्स-लॅमिनेशनचा बोर्ड अन् त्याच्या खाली बारीक अक्षरात कॉम्प्युटर रिपेअरिंग. आत एक टेबल, भिंतीला जुन्या कॅबिनेटांची थप्पी, बसायला एक बाकडं, त्यावरही कोणाचा तरी प्रिंटर ठेवलेला. एसी नाही, कूलर आहे पण तो मालकापेक्षा रस्त्यालाच जास्त हवा देतो. एवढं असूनही, नवीन असेंबल केलेला पीसी चालू होतो, पंखे फिरतात अन् मॉनिटरवर काहीच येत नाही असा ज्याचा प्रॉब्लेम आहे त्याने यवतमाळ-नागपूर धावण्याआधी इथं एकदा जावं, असं माझं मत झालंय. लिहिणं जरा लांबणार आहे, कारण नुसतं "सर्व्हिस चांगली, मालक चांगला" लिहून वाचणाऱ्याला काही समजत नाही.

माझा गावात छोटा स्टुडिओ आहे, लग्नाचं शूटिंग, मिक्सिंग, अल्बम, आणि सीझन नसला की पासपोर्ट फोटो अन् शाळेचे ओळखपत्र. जुन्या पीसीवर एचडीपर्यंत ठीक होतं, पण आता ज्याला त्याला फोर-के पायजे, नवरीच्या भावाला रील त्याच रात्री पायजे, अन् त्या मशीनवर एक गाणं रेंडर व्हायला लावलं की आपण शेतात चक्कर मारून यावं. म्हणून रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड (पुढं नुसतं बोर्ड म्हणतो), १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड असा नवीन सेट घेतला. बोर्ड अन् प्रोसेसर ऑनलाइन एका विक्रेत्याकडून कॉम्बोमध्ये, कारण तिथं तो दोन-अडीच हजाराने स्वस्त पडत होता. जोडला माझ्या भाच्यानं, तो पॉलिटेक्निकला आहे अन् त्याने आधीही जोडलेले आहेत, आणि पुढं निघालं तसं त्याने सगळं बरोबरच जोडलं होतं, पोराची उगीच बदनामी नको.

बटण दाबलं की पंखे फिरायचे, कार्डाचा पंखा फिरायचा, रॅमवरचे रंगीत लाइट लागायचे, बघणाऱ्याला वाटावं काय जबरदस्त मशीन आहे. मॉनिटरवर मात्र नो सिग्नल. यवतमाळला एका मोठ्या दुकानात नेला. काचेचं काउंटर, टाय लावलेला पोरगा. त्याने साइडचं पॅनलसुद्धा उघडलं नाही, वायर लावली, बटण दाबलं, म्हणे बोर्ड गेलाय, नवीन टाकावा लागेल, आमच्याकडे आहे, सात हजार. मी म्हटलं डब्यातून निघाल्यापासून एकदाही चालू झाला नाही तर गेला कसा? तर म्हणे ऑनलाइनचा माल असाच असतो. उचललं अन् परत आणलं.

आता दिग्रसचं. हा माणूस पहिलं काय म्हणाला माहिती आहे का? "बोर्डचा डबा आणला का भाऊ? अन् बिल?" मी आणला होता, रिटर्न करायची वेळ आली तर म्हणून. त्याने डबा हातात घेतला, समोरचा कोपरा चष्मा वर करून पाहिला, मागून पाहिला, अन् काही न बोलता बाजूला ठेवला. मला वाटलं वॉरंटी पाहतोय. नंतर समजलं काय पाहत होता ते.

मग कीबोर्ड लावला, बटण दाबलं अन् नम लॉक दाबत बसला. मॉनिटरकडं पाहिलंच नाही. मी विचारलं हे काय, तर म्हणे नम लॉकचा लाइट लागते-विझते तं समजाचं मशीन आतून चालू हाय, फक्त चित्र बाहेर येऊन नाही राह्यलं, मंग केबल पाहा, मॉनिटरचा सोर्स पाहा, कार्ड पाहा. अन् नम लॉक मेलेला असंन तं मशीन सुरूच झालं नाही, पंखे फिरले म्हणजे चालू झालं असं नसते, पंख्याले फक्त बारा व्होल्ट पायजे, अक्कल नाही लागत. आमचा नम लॉक मेलेलाच होता. म्हणजे एका मिनिटात अर्धे प्रश्न बाद. हे यवतमाळच्या टायवाल्याला करता आलं नसतं का? कीबोर्ड तर त्याच्या काउंटरवरच पडला होता.

मग त्याने एकेक गोष्ट पाहिली. मला सगळी सांगत गेला, लपवाछपवी नाही. मॉनिटरची एचडीएमआय केबल बोर्डाच्या पोर्टात आहे की कार्डाच्या, हे सगळ्यात आधी, कारण ५६०० ला आतलं ग्राफिक्स नसतं, ते ५६०० जी ला असतं, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टात केबल लावून लोक जन्मभर बसले तरी काही दिसणार नाही, इंटेलमध्येही नावाच्या शेवटी एफ असला की तेच. आमची कार्डातच होती. मग बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर, चार-चारचे दोन तुकडे असतात ती. ही कूलरच्या मागं लपते अन् पुष्कळ लोक लावतच नाहीत, तरी पंखे फिरतात, म्हणून फसगत होते. कार्डाची आठ पिनांची वेगळी, ती सहा अधिक दोन अशी फुटते. दोन्ही दिसायला भावकीतल्या पण एकीच्या जागी दुसरी ठोकायची नाही. त्याने दोन्ही काढून परत बसवल्या, टक आवाज येईपर्यंत.

रॅमची गोष्ट मला नवीन होती. चार खाचा असतील अन् काडी एकच असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी खाच, दोन असतील तर दुसरी अन् चौथी. आमच्या तशाच होत्या. तरी त्याने एक काढून ठेवली, दुसरीवरच चालू करून पाहिलं, मग अदलाबदल. मग गोल सेल, तो सीआर २०३२, काढून ठेवला, मेन वायर काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं, म्हणजे बायोसची, बोर्डात भरलेलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर असतं त्याची, सेटिंग पुसली जाते. काही फरक नाही. बोर्डच उचलून बाहेर काढला अन् त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून चालवला. कारण कॅबिनेटमध्ये पितळेचा एखादा खिळा, ते स्टँडऑफ म्हणतात तो, चुकीच्या भोकात राहिला की तो बोर्डाला मागून टेकतो अन् शॉर्ट करतो. तेही नव्हतं. आता टेबलावर फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, कार्ड अन् एसएमपीएस, म्हणजे सगळ्याला करंट देणारा पॉवर सप्लायचा डबा. एसएमपीएसवर मल्टिमीटर लावून बारा व्होल्टची लाइन पाहिली, ११.४ ते १२.६ मध्ये असली की चालते, आमची मस्त होती. मग त्याचं एक जुनंपुराणं छोटं कार्ड लावलं, आमचं कार्ड बाजूला. तरीही नाही.

पुष्कळ बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. आमच्या बोर्डवर सीपीयूचा लाल दिवा लागून राहायचा. मी म्हटलं म्हणजे प्रोसेसर गेला. त्यावर त्याने जे सांगितलं ते मला लय पटलं. "दिवा सांगते गाडी कुठं थांबली. काऊन थांबली ते नाही सांगत. ते आपल्याले पाहा लागते."

अन् मग डबा परत हातात घेतला. समोरच्या कोपऱ्यात एक गोल शिक्का छापलेला होता, रायझन ३००० रेडी असा. म्हणे हे पाय. बी४५० बोर्ड आले २०१८ मध्ये. ५००० सिरीजचे प्रोसेसर आले २०२० च्या शेवटी, अन् तुझा ५६०० तर २०२२ चा. या बोर्डात जे बायोस भरून कंपनीतून निघालं त्याला हा प्रोसेसर माहीतच नाही, तो जन्मलाच नव्हता. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, तोच, एएम४ नावाचा, म्हणून बसते बरोबर, पिना बरोबर, पंखा फिरते, अन् पुढं काहीच नाही. "भाऊ, बोर्डबी चांगला हाय अन् प्रोसेसरबी चांगला हाय. दोघाची ओळखच नाही झाली अजून."

मी विचारलं तुम्हाला डबा पाहूनच समजलं होतं तर एवढं सगळं कशाला केलं? म्हणे डब्यावरून अंदाज लावता येते, पैसे नाही घेता येत. कधी दुकानदार जुन्या डब्यातला बोर्ड अपडेट करून ठेवते, शिक्का जुनाच राहते. अन् अंदाज चुकला तं तुमचा बोर्ड उघडून ठेवलेला, सीझन तोंडावर, मंग माह्यावर बसान तुम्ही.

आता खरी गंमत पुढं. बायोस अपडेट करायला मशीन चालू पाहिजे, अन् मशीन चालू व्हायला बायोस अपडेट पाहिजे. काही बोर्डांना बिना प्रोसेसरचं पेनड्राइव्हवरून फ्लॅश करायचं, म्हणजे नवीन बायोस भरायचं, बटण असतं, आमच्या स्वस्तातल्या बोर्डाला नाही. याच्यासाठी या माणसानं एक जुना रायझन ३ २२०० जी सांभाळून ठेवलाय, एका प्लास्टिकच्या डबीत, खाली फोम. हा २०१८ चा, त्यामुळे त्या काळातल्या बायोसला ओळखीचा, शिवाय त्याला आतलं ग्राफिक्स आहे म्हणजे वेगळं कार्ड पण नको. एएमडी कंपनी स्वतः त्या वेळी असे प्रोसेसर उसने द्यायची म्हणे, गिऱ्हाइकानं अपडेट करायचा अन् परत पाठवायचा. आपल्याकडं ते कुरिअर कोण करत बसतं, म्हणून याने आपलाच एक घेऊन ठेवला. भंगारात गेलेल्या एका पीसीतून काढलेला.

कूलर काढतानाचं काम पाहण्यासारखं होतं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही, तेराशे एकतीस पिना, अन् कंपनीच्या कूलरला आधीच लावून आलेली पेस्ट अशी चिकटते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर लॉक असूनही सोबत उपटून येतो अन् पिना वाकतात. याने चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल केले, एक पूर्ण काढून मग दुसरा असं नाही, अन् मग कूलर हाताने डावीकडं-उजवीकडं हळूहळू फिरवत राहिला. घाई नाही. मध्येच एका बाईला आधार कार्डाचं झेरॉक्स काढून दिलं, परत येऊन फिरवायला लागला. शेवटी बारीक आवाज होऊन सुटला. प्रोसेसर सॉकेटमध्येच. त्याने दांडी वर केली, प्रोसेसर उचलला, उजेडात तिरपा धरून पिनांच्या ओळी पाहिल्या, मलाही दाखवल्या, सगळ्या सरळ, म्हणे पाहून घ्या, नंतर वाद नको. हे मला फार आवडलं.

२२०० जी टाकला अन् पहिल्याच दाबात मॉनिटरवर बोर्ड कंपनीचं चित्र. खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. बायोसमध्ये तारीख पाहिली, २०१९ ची. म्हणजे त्याचं सगळं बरोबर.

पण फ्लॅश लगेच केलं नाही. लाइट गेली होती अन् दुकान इन्व्हर्टरवर चालू होतं. म्हणे फ्लॅश चालू असताना करंट गेला तं बोर्ड खरंच मरते, मंग चिप बाहेरून लिहायचं मशीन लावा लागते, ते काम हाय पण कायले करायचं? बॅटरी खाली आली होती म्हणून लाइट यायची वाट पाहिली, आली तरी थोडा वेळ थांबला, कारण आपल्याकडं आलेली लाइट दोन मिनिटात परत जाते हे सगळ्यांना माहीत आहे. तोवर फाइल डाउनलोड केली, तीही बोर्डाच्या अंगावर छापलेलं मॉडेल अन् रिव्हिजन नंबर दोनदा पाहून, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजन असतात अन् एकीची फाइल दुसरीला चालत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केला. आमच्या बोर्डाला सरळ शेवटची व्हर्जन जात नव्हती, कंपनीच्या पानावर लिहिलेलं होतं, आधी मधली टाकायची मग नवीन. तसं केलं, यूपीएसवर. पट्टी सरकत असताना दुकानात कोणाला टेबलाला हातसुद्धा लावू दिला नाही.

मग ५६०० परत, जुनी पेस्ट पुसून नवीन, कूलर. चालू केलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजीत मोठा निरोप, नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम, म्हणजे डिस्कच्या कुलपाच्या चाव्या ठेवणारा भाग, बदललाय, वाय दाबा की एन. मी घाबरलो. तो म्हणे नवीन मशीन हाय, विंडोज टाकलेलं नाही, बिनधास्त वाय दाबा. पण जुन्या चालत्या मशीनवर हे आलं अन् डिस्क विंडोजच्या बिटलॉकर नावाच्या कुलपानं लॉक असेल तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय वाय दाबायचं नाही, नाहीतर आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही. कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

बिल किती? सहाशे रुपये. तपासणी, बायोस, पेस्ट, सगळं धरून. अन् बोर्ड विकला नाही, एसएमपीएस विकला नाही, रॅम विकली नाही. त्याच्याकडं बोर्ड पडलेले दिसत होते, मी घाबरलेला गिऱ्हाईक होतो, सात हजार म्हटले असते तरी दिले असते.

गप्पांमध्ये त्याने अजून एक सांगितलं ते नवीन मशीनवाल्यांनी ध्यानात ठेवावं. आर्णीकडचा एक जण डीडीआर५ रॅमवाला, एएमडीच्या पुढच्या एएम५ सॉकेटचा नवीन पीसी घेऊन आला होता, हीच तक्रार. याने वायर लावली, चालू केला अन् चहा सांगितला. चहा येईपर्यंत डिस्प्ले आला. त्या मशीनमध्ये पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं, चालते, काळा पडदा काही मिनिटं राहतो, तो माणूस घरी दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून बंद करत होता म्हणून ते कधी पूर्णच झालं नाही. त्याच्याकडून याने फक्त चहाचे पैसे घेतले म्हणे. खरं-खोटं त्याला माहीत, पण माझ्या बिलावरून मला तरी खरं वाटतं.

अन् एक आपल्या गावांकडचं. मी सहज बोललो की घरी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. त्याने लगेच विचारलं अर्थिंग आहे का? आमच्याकडं तीन पिनांचा बोर्ड आहे पण तिसऱ्या पिनेला मागं वायरच नाही, बऱ्याच घरी असंच असतं. एसएमपीएसमध्ये फिल्टर असतो, त्याची थोडीशी गळती अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे, रस्ता नसला तर ती पत्र्यावर येऊन बसते. मीठ-कोळसा टाकून खड्डा करा, उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, नाहीतर आपली काळी माती भेगाळली की अर्थिंग नावालाच राहते. स्टॅबिलायझर विकायचा चान्स होता, विकला नाही. केलं मी घरी, झिणझिण्या बंद झाल्या.

आता नावं पण ठेवतो, नाहीतर म्हणाल पाहुणा आहे का याचा. एक, वेळेचा काही भरवसा नाही. दुकानाच्या पाटीवर दहा लिहिलंय, शटर साडेअकराला उघडतं, फोन केला तर "येऊनच राह्यलो" म्हणतो अन् मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. झेरॉक्सचं गिऱ्हाईक आलं की तुमचं काम थांबतं, अन् पीक विम्याची किंवा शाळा-कॉलेजच्या अॅडमिशनची तारीख जवळ असली की तर विचारूच नका, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाही, मागितलं तर पॅड शोधत बसतो. अन् बोलतो फार, कापसाच्या भावापासून सुरू होऊन कुठंही जातो, हात मात्र थांबत नाही हे खरं. गेमिंगचं भारी सामान, वॉटर कूलिंग वगैरे इथं मिळणार नाही, त्यासाठी नागपूरच.

ऑनलाइन विक्रेत्याला मी मेल टाकला की कॉम्बो म्हणून विकता, प्रोसेसर अन् बोर्ड एकमेकांवर चालतात असं लिहिता, मग बायोस जुनं का? उत्तर आलं की बोर्ड ५६०० ला सपोर्ट करतो, बायोस अपडेट करणं ही ग्राहकाची जबाबदारी. म्हणजे खेड्यातल्या माणसानं आधी एक जुना प्रोसेसर विकत घ्यावा, मग नवीन चालवावा. मी सहाशे रुपयाची पावती जोडून परत मेल टाकलाय, अजून काही नाही. तुम्ही कॉम्बो घेत असाल तर पैसे टाकण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा की बायोसची व्हर्जन कोणती आहे, किंवा डब्यावर ५००० रेडीचा शिक्का आहे का त्याचा फोटो मागा.

पाच पैकी साडेचार. अर्धा त्या साडेअकराच्या शटरचा कापला. जाणार असाल तर बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. बोर्डचा डबा, बिल अन् आपली केबल सोबत न्या. अन् मोटरसायकलवर नेत असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या डब्यात वेगळं घ्या, कॅबिनेट बोर्डाची बाजू खाली येईल असं आडवं धरा, कारण आमच्याकडच्या रस्त्यावर कार्ड खाचेतच हिसके खाऊन खाच मोडलेली दोन बोर्डं त्याने मला काढून दाखवली.